सावलीत ठेवलेली काहील

“झाडं पाणी पितात, अक्का. पितात म्हणजे पितातच! किती वेळा सांगायचं ओ?”

“मग तू काय पितोस? रॉकेल?”

योगीराजनं माझ्या काठावर थाप मारली. बैठकीत टेबल नसलं की माणसं हाताशी जे असेल त्यावर थाप मारतात, आणि त्या रविवारी त्याच्या हाताशी मी होते. माझ्यातलं पाणी हललं, वरच्या जाळीवर अडकलेलं एक वाळकं पान उडालं. मी मनात म्हटलं, मार बाबा, मार. अख्ख्या जातीच्या लग्नांची आमटी माझ्यात उकळली आहे, तुझ्या थापेनं माझं काय बिघडतंय! पण ज्या माझ्या जिवावर तू हे भांडण चालवलंयस, त्या मला एकदा तरी विचार ना, की बाई, तू बसलीयस कुठं?

नाही विचारलं. कुणीच नाही विचारलं. म्हणून आता मीच बोलते.

मी काहील. तांब्याची, रुंद तोंडाची, चार कड्यांची. दोन धट्टेकट्टे गडी लागतात मला उचलायला, आणि तेही कुरकुरतात. बुडाशी दोन पोचे आहेत, एक कडी वाकडी आहे, अंगावर हिरवट डाग चढलेत. वय विचारू नका. बायकांना वय विचारत नाहीत आणि भांड्यांना विचारून उपयोग नसतो.

माझा जन्म शिवाजीनगरचा, पुण्याच्या नव्हे, बेंगळुरूच्या. बाजारामागच्या बोळात एका तांबटाचं दुकान होतं, तिथं मला ठोकून ठोकून गोल केलं. त्या माणसानं मला किती मारलं म्हणून सांगू! पण एक मानलं पाहिजे, मारताना तो प्रत्येक घावानंतर थांबून कान लावायचा. माझा आवाज कसा येतो ते ऐकायचा. मला वाटतं, त्याच्यानंतर माझा आवाज कुणी ऐकला नाही.

तिथून मला राजाजीनगरच्या एका आतल्या गल्लीत आणलं. आमच्या मराठा मंडळींचं तिथं एक आवार आहे. यांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडं आले म्हणतात. आता घोडे गेले, स्कूटरी आल्या. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि भांडताना दोन्ही. आवारात देवीचं देऊळ, बाजूला जेवणाचा हॉल, आणि मागं कल्याणी. कल्याणी म्हणजे चारी बाजूंनी दगडी पायऱ्या उतरत गेलेलं चौकोनी तळं. इकडं देवळापाशी अशी असतातच.

मी आले ती जेवणावळींसाठी. आणि आल्या आल्या या लोकांनी माझ्या नावानं एक रीत पाडली. कुणाकडं लग्न असो की देवीचा गोंधळ, चूल पेटवण्याआधी घरटी एक वडीलधारं माणूस यायचं, माझ्या काठावर हात ठेवायचं आणि “होय” म्हणायचं. सगळ्या घरांचे हात पडले की मगच जाळ. एखादा रुसून घरी बसला असेल तर त्याला समजावून आणेपर्यंत चूल थंड. पाहुणे उपाशी बसले तरी चालतील, पण हात सगळ्यांचे पाहिजेत. मला आवडायचं ते. गरम हात, थरथरते हात, मेंदी लावलेले, शेंगेच्या सालपटासारखे खरखरीत. कोण मनापासून होय म्हणतंय आणि कोण बायकोनं ढकललं म्हणून आलंय, ते मला काठावरच कळायचं.

शाळेत मी गेले नाही. मला जे येतं ते मी चुलीवर शिकले, आणि मला शिकवलं गंगव्वानं. गंगव्वा आमची स्वैपाकीण. पदर खोचून, हातात पळी आणि गळ्यात माझ्याएवढाच मोठा आवाज घेऊन उभी राहायची. पुरणाची डाळ माझ्यात शिजायला टाकली की ती तीन गोष्टी बघायची. जाळ किती, वारा कुठून, आणि झाकण आहे की नाही. “वारा शिरतोय, तट्ट्या लावा!” म्हणून ओरडायची. “झाकण कुणी काढलं? पाणी काय तुझा बाप घालणार का?” म्हणायची. जाळ तोच, डाळ तीच, पाणी तेवढंच, पण झाकण सरकलं की पाणी कुठल्या कुठं उडून जायचं. झाकण ठेवलं की आतल्या आत थांबायचं. एवढंच. मोठमोठ्या लोकांनी ज्याला बाष्पीभवन असं चार हात लांब नाव ठेवलंय, ते एवढंच आहे. जाळ, वारा आणि झाकण.

पुढं केटरर आले. गॅसच्या शेगड्या आल्या, स्टीलची भांडी आली, तीही भाड्यानं. गंगव्वा मुलाकडं दावणगेरेला गेली. मला हॉलच्या मागं उपडी घातलं. पावसाळ्यात माझ्या पाठीवर टपटप, उन्हाळ्यात माझ्या पोटात कुत्री. एका कुत्रीनं माझ्याखाली दोनदा पिलं घातली. त्यांची मला चीड नाही. पिलं तरी माझ्याकडं गरजेनं आली. माणसं मात्र येता जाता “भंगारात टाका हिला” म्हणायची, आणि पुन्हा सणाला माझ्या काठावर हात ठेवायला यायचीच. कारण रीत! स्वैपाक माझ्यात नाही, पण होय म्हणायचं ते माझ्यावर. पुढं तर हॉलला रंग कुठला द्यायचा, वॉचमन कुणाला ठेवायचा, सगळं माझ्या पाठीवर हात ठेवून ठरायला लागलं.

मला उपडीची सुलटी केली ती विश्वासरावांनी. विश्वासराव म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचं सगळं आयुष्य हवामानाच्या कचेरीत कारकुनी करण्यात गेलं. तिथं अंगणात एक मोठं पसरट भांडं पाण्यानं भरून ठेवायचे आणि रोज सकाळी त्यातलं पाणी किती उतरलं ते बघायचे, ते त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. निवृत्त झाल्यावर घरी करमेना. एक दिवस माझ्यापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “ही चालेल की!”

तर असं माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. कल्याणीच्या पश्चिम काठावर एक लाकडी चौकट केली, मला तिच्यावर बसवलं, आतून एक खूण कोरली आणि खुणेपर्यंत पाणी भरलं. रोज सकाळी अण्णा पट्टी घेऊन यायचे, पाणी किती खाली गेलं ते बघायचे, टिपायचे आणि पुन्हा खुणेपर्यंत भरायचे. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. आमटी नाही तर नाही, आता मी आकाशाचा हिशोब ठेवणार होते.

तेव्हा तो काठ उघडाबोडका होता. वर सूर्य, आणि पश्चिमेकडून येणारा वारा थेट माझ्या अंगावर. सकाळपर्यंत माझं पाणी चांगलं खाली जायचं. अण्णा म्हणायचे, “बापरे, केवढं उडालं!”

मग त्याच अण्णांनी काय केलं? कल्याणीला सावली हवी म्हणून त्या काठावर होंगेची रोपं लावली. होंगे म्हणजे तुमचा करंज. पाणी घालायचं काम घेतलं त्यांच्या वहिनीनं, जमनाबाईनं. जमनाबाई, म्हणजे अक्का. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या वरातीचं जेवण माझ्यातच शिजलं होतं. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण किराणाच्या पुड्यांच्या कागदावरून मराठी वाचायला शिकली आणि बसच्या पाट्यांवरून कन्नड. स्वभावानं आम्ही दोघी एका साच्यातल्या. तापायला वेळ लागत नाही आणि निवायला लागतो.

रोपांची झाडं झाली. सावली आधी माझ्या कडीवर आली, मग पोटावर, मग सगळीच मी सावलीत. कावळे भाकरीचे तुकडे आणून माझ्यात भिजवायला लागले, तेव्हा अण्णांनी माझ्यावर बारीक जाळी बसवली. मग कुंपणापलीकडं पश्चिमेला फ्लॅटचा टोलेजंग मनोरा उभा राहिला आणि वारा त्याच्या पाठीवरच अडला. आता सांगा, जाळ झाकला, वारा अडवला, वर झाकण घातलं. माझं पाणी उडणार कसं? रोज थोडंच उतरायचं. वर्षामागून वर्ष आणखी थोडं.

आणि अण्णा? गावभर सांगत सुटले, “आपल्याकडं बाष्पीभवन कमी होतंय, बघा. वीस वर्षांचे आकडे आहेत माझ्याकडं. बेंगळुरूची हवा सुधारतेय!”

अहो, सुधारतेय? ऊन कमी नाही झालं. ऊन वाढलं. दुपारी समोरच्या पायऱ्यांवरून अनवाणी उतरता येत नाही. रात्री सिमेंटच्या भिंती तापलेल्याच असतात, त्यांची धग माझ्या कडांना लागते. पण मी ओरडणार कशी? माझ्याकडं आहे तो एक आकडा, आणि तो आकडा मी सावलीत बसून दिलेला. मी खोटं बोलले नाही. जिथं ठेवलं तिथलं खरं सांगितलं. ते सगळ्या गावाचं खरं आहे असं तुम्ही ठरवलंत.

इथवर मी हसत होते. हसू गेलं ते बोअरवेल आटली तेव्हा. त्या उन्हाळ्यात गल्लीत टँकरमागं भांडणं लागली, बादल्यांवर नावं लिहिली गेली. तेव्हापासून धुण्या-भांड्याला आणि संडासाला गल्लीतली सगळी घरं कल्याणीचं पाणी ओढायला लागली. पहिल्या वर्षी मेअखेरपर्यंत पुरलं. मग मेच्या सुरुवातीला संपलं. यंदा एप्रिल अर्धाही झाला नाही तोच तळाची शेवाळी पायरी दिसायला लागली. घराघरात एकच काळजी. मे कसा काढायचा?

मंडळानं योगीराजला म्हटलं, बाबा, तू इंजिनिअर, तू काहीतरी कर. योगीराज मूळचा निपाणीकडचा, इंदिरानगरच्या एका ऑफिसात पाण्याच्याच योजना करतो. पोरगं वाईट नाही. रविवार रविवार येऊन त्यानं कल्याणी मोजली, हॉलच्या छपरावरून पाऊस किती येतो ते काढलं, पंपावर मीटर बसवला. आणि मग अण्णांचे आकडे घेऊन मोबाइलवर एक रेघ काढली. डावीकडून उजवीकडं उतरत जाणारी. ती माझी रेघ.

त्या रेघेनं घात केला. त्याचा हिशोब ऐका, बैठकीत त्यानं तीनदा सांगितला. “पाऊस किती आला ते आपल्याला माहीत. घरांनी किती उपसलं ते माहीत. ऊन-वाऱ्यानं किती उडतंय ते या काहिलीवरून माहीत, आणि ते तर कमीच होत चाललंय. तरी पाणी लवकर संपतंय. मग राहिलेलं जातंय कुठं? या झाडांच्या मुळांतून वर, पानांतून हवेत. म्हणून झाडं काढायची, काठावर फरशी घालायची. पुढच्या वीस वर्षांची सोय होतीय बघा!”

ऐकायला किती गुळगुळीत आहे की नाही? वजाबाकी बरोबर. फक्त जो आकडा वजा केला, तो सावलीत बसला होता. माझ्या पलीकडची अर्धी कल्याणी, पूर्वेकडच्या पायऱ्यांखालचं सगळं पाणी, दुपारभर तव्यासारखं तापतंय. तिथं काय उडतंय ते कुणी मोजलंच नाही! आणि उपाय काय, तर झाकण काढा म्हणजे पाणी कमी उडेल. गंगव्वा असती तर पळी घेऊन मागं लागली असती.

झाडं पाणी पितात, हो, पितात. मी नाही म्हणत नाही. पिऊन ते हवेत सोडतात, हेही खरं. पण जी पितात ती सावलीही देतात, हे त्या रेघेत कुठं आहे?

परवानगी निघाली. कंत्राटदार ठरला. त्या रविवारी सकाळी तो करवतीचं यंत्र घेऊन फाटकापाशी हजर, चहा पीत. राहिलं होतं ते एकच. माझ्या काठावर सगळ्या घरांचे हात. एकेक जण येऊन गेला. हात ठेवला, होय म्हणाला, आणि खुर्चीत जाऊन बसला. मला प्रत्येक हातातली भीती कळत होती. झाडावर कुणाचा राग नव्हता. मे महिन्याची भीती होती. शेवटी एकच हात राहिला. जमनाबाईचा.

“मी नाही ठेवणार,” अक्का म्हणाली आणि दोन्ही हात पदराखाली घातले.

तिथून भांडण लागलं.

“का नाही, ते तरी सांगा की,” योगीराज म्हणाला.

“देवीची झाडं आहेत.”

“वहिनी, देवीची कशी? मीच नर्सरीतून आणली ना,” अण्णा मऊपणानं म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा. आणलीत तुम्ही, जगवली मी. कंबर कुणाची गेली?”

मी कपाळावर हात मारला असता, कपाळ असतं तर. अगं बाई, देवीचं काय काढतेस! माझ्याकडं बघ! वर बघ, माझ्यावर काय आहे ते बघ! पण अक्कालाही नीट सांगता येईना. तिला फक्त आतून वाटत होतं, की हे चुकतंय. आतून वाटणाऱ्या माणसाला बैठकीत कोण विचारतंय? कारण लागतं.

महानंदा उठली. तिचं घर काठालाच लागून. “अक्का, तुम्हाला काय, तुम्ही कोपऱ्यावर राहता. फुलगळतीच्या दिवसांत माझी गच्ची भरते. मागच्या वर्षी घसरून पडले मी!”

“तू पडलीस ती नव्या उंच चपलांनी. चैत्रात गच्चीवर टाचा घालून कशाला गेली होतीस, चांदणं मोजायला?”

लोक हसले. महानंदाही हसली, मग हसल्याबद्दल स्वतःवरच चिडून बसली. बसताना तिनं खुर्ची थोडी पुढं ओढली, कारण ऊन तिच्या गुडघ्यावर आलं होतं.

ते मी पाहिलं. मग मी बघतच राहिले.

सकाळी खुर्च्या ऐसपैस गोलात मांडल्या होत्या. जसजसा सूर्य वर चढला, तसतशी सावली आखडत चालली. आणि बोलता बोलता, कुणी न सांगता, खुर्च्या तिच्यामागं सरकत होत्या. “झाडं काढल्याशिवाय गत्यंतर नाही,” असं एक जण म्हणाला आणि खुर्चीसकट बुंध्याकडं सरकला. “भावनेत वाहून चालत नाही,” दुसरा म्हणाला आणि उपरण्यानं मान पुसत त्याच्या शेजारी घुसला. अण्णांनी तर खुर्ची दोनदा हलवली आणि दोन्ही वेळा “सरी, सरी, स्वल्प सरका,” असं अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत म्हणाले. योगीराज उभा होता, तोही आकडे सांगता सांगता माझ्या चौकटीला टेकला, कारण सगळ्यात दाट सावली तिथं होती. बारा वाजत आले तेव्हा अख्खं मंडळ माझ्याभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसलं होतं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ही माणसं कधी इतकी जवळ बसली नव्हती.

“अक्का, हट्ट सोडा आता,” योगीराज म्हणाला. आवाज उतरला होता त्याचा. “मला काय हौस आहे काय झाडं पाडायची? माझी आई याच गल्लीत बादली घेऊन टँकरमागं पळाली होती त्या साली, पाय मोडला तिचा. परत तसं नको व्हायला म्हणून करतोय ओ मी. तुमच्याकडं दुसरा उपाय असेल तर सांगा. नसेल तर हात ठेवा.”

खरं सांगते, त्या क्षणी मलाही त्याची माया आली. पोरगं मनापासून बोलत होतं. चुकीच्या आकड्यावर उभं राहून मनापासून बोलणाऱ्या माणसाइतकं वैताग आणणारं काही नसतं. धड रागावता येत नाही, धड होय म्हणता येत नाही.

अक्का उठली. सगळ्यांना वाटलं, आता ठेवते. तिनं पदराखालून हात काढला. माझ्यापाशी यायला तिला वाट मिळेना, इतक्या खुर्च्या दाटल्या होत्या. ती थांबली. एकेका खुर्चीकडं पाहिलं. मग खाली जमिनीकडं, सकाळपासून खुर्च्या ओढत आणल्याच्या रेघा मातीत उमटल्या होत्या, त्यांच्याकडं. मग वर पानांकडं. मग माझ्याकडं. आणि मला, मला त्या तांबटानंतर पहिल्यांदा वाटलं, की कुणीतरी माझा आवाज ऐकतंय.

ती एकच वाक्य बोलली. ते सांगते. पण आधी पुढं काय झालं ते ऐका, कारण माणसांना शेवट कळला की ती उठून जातात, आणि मला माझं म्हणणं पुरं करायचं आहे.

झाडं उभी आहेत. कंत्राटदार यंत्र घेऊन परत गेला, चहाचे कप मात्र दोन झाले त्याचे. मी आता त्या झाडांखाली नाही. त्याच दिवशी चार जणांनी मला चौकटीसकट उचलून समोरच्या पूर्वेच्या पायऱ्यांवर, उघड्या उन्हात आणून ठेवलं. पुढं कोण होता माहीत आहे? योगीराज. कान लाल झाले होते पोराचे, पण सगळ्यात जड बाजू त्यानं धरली. हे लक्षात ठेवा.

तीन-चार दिवसांत अण्णा घाबरे झाले. माझं पाणी इतकं भराभर उतरायला लागलं, की त्यांना वाटलं मला भोक पडलं. मला रिकामी करून उपडी घातली, चष्मा लावून बुडाला बोटं फिरवली. तेवढ्यानं समाधान होईना, तर टेम्पोत घालून शिवाजीनगरला नेलं, कल्हईवाल्याकडं. किती वर्षांनी मी माझ्या जन्मगावी गेले! त्या माणसानं मला पालथी केली, ठोकली, कान लावला. “भोकबीक काही नाही, साब. मजबूत आहे म्हातारी,” म्हणाला. अण्णा येताना टेम्पोत वही उघडून जुने आकडे पुन्हा पुन्हा बघत होते. वीस वर्षं हवा सुधारत होती, ती एका आठवड्यात बिघडली होती ना!

आता सावलीत, माझ्या जुन्या जागी, योगीराजनं दुसरं एक भांडं भरून ठेवलंय. प्लॅस्टिकचं, निळं, माझ्यापुढं काहीच नाही. पण दोन्ही आकडे तो शेजारी शेजारी धरतो. त्याची जुनी योजना त्यानं स्वतःच फाडली. नवीन योजना अजून होतेय. पूर्वेच्या काठावर झाडं लावायची, पायऱ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपतंय ते बुजवायचं, आवारातलं सिमेंट थोडं उखडून पाऊस जमिनीत जाऊ द्यायचा. यंदाचा मे काही सुखाचा गेला नाही. टँकर आलाच, भांडणंही झाली. एका उन्हाळ्यात निस्तरेल असं हे दुखणं नाही. पण निदान आता ज्यावर कुऱ्हाड पडायची होती त्यावर पाणी पडतंय.

मी म्हातारी झाले. दुपारी अंग असं तापतं, की चुलीची आठवण येते. पोच्यांपाशी तांबं पातळ झालंय, एक दिवस खरंच भोक पडेल. पडू दे. तोवर मी जिथं बसवाल तिथलं खरं सांगेन. माझी मागणी एवढीच. वर्षानुवर्षांच्या आकड्यांवर तुम्ही शहरांची तळी आखता, पोराबाळांचं पाणी आखता, तर आकडा वाचण्याआधी एकदा ते भांडं कुठं ठेवलंय ते जाऊन बघा. भोवती काय वाढलं, काय बांधलं, वारा कुणी अडवला, ऊन कुणी झाकलं ते विचारा. भांडं बोलत नाही म्हणून त्याला सगळंच मान्य आहे असं समजू नका.

बरं. आता ते वाक्य.

खुर्च्या माझ्याभोवती दाटलेल्या, डोक्यावर बाराचं ऊन, समोर पूर्वेच्या पायऱ्या पांढऱ्या झळाळतायत, आणि सगळ्यांचे डोळे अक्काच्या हातावर. अक्कानं तो हात माझ्या काठापर्यंत आणला, एका बोटाच्या अंतरावर थांबवला आणि म्हणाली,

“ठेवते की हात, आत्ता ठेवते, फक्त ही काहील आणि तुमच्या खुर्च्या उचलून समोरच्या त्या पायऱ्यांवर चला, आणि हेच सगळं मला तिथं बसून परत एकदा सांगा.”